कुटुंब करसवलत घेताय? मग वार्षिक हिशेब न तपासता बाजूला ठेवू नका

नोकरीनिमित्त न्यूझीलंडला जाऊन तिथेच स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांना एका गोष्टीबद्दल सावध करणे आम्हाला गरजेचे वाटते. मुले असलेल्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी तिथे 'वर्किंग फॉर फॅमिलीज' ही योजना आहे. २००४ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. फॅमिली टॅक्स क्रेडिट, इन-वर्क टॅक्स क्रेडिट, मिनिमम फॅमिली टॅक्स क्रेडिट आणि बाळासाठीचे बेस्ट स्टार्ट असे तिचे चार भाग आहेत. ही मदत म्हणजे कोणाचे उपकार नव्हेत, कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र वर्षअखेरचा हिशेब आपण तपासला नाही, तर हाच हक्क कर्ज होऊन दारात उभा राहतो.

असे का घडते?

दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला खात्यात येणारी रक्कम अंदाजावर ठरते. वर्षभरात घरात किती पैसे येतील, हा अंदाज आपणच कर विभागाला म्हणजे इनलँड रेव्हेन्यूला दिलेला असतो. तिथले करवर्षही आपल्यासारखेच १ एप्रिल ते ३१ मार्च. वर्ष संपल्यावर, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, विभाग प्रत्यक्ष उत्पन्नावरून पुन्हा हिशेब करतो. कमी मिळाले असेल तर फरक मिळतो, जास्त मिळाले असेल तर परत करावे लागते.

एक उदाहरण घेऊ. २०२५-२६ या वर्षात कुटुंबाचे करपूर्व उत्पन्न ४२,७०० डॉलरच्या वर गेले, की वरच्या प्रत्येक डॉलरमागे २७ सेंट मदत कमी होते. एका घराने ६०,००० डॉलरचा अंदाज दिला. पुढे नवऱ्याने ओव्हरटाइम केला, बायकोला अर्धवेळ काम लागले आणि उत्पन्न ६५,००० झाले. जास्तीच्या ५,००० डॉलरचे २७ टक्के, म्हणजे १,३५० डॉलर परत करणे आले. यात कोणी लबाडी केलेली नाही. फक्त बदल कळवायचा राहून गेला. २०२५ च्या अर्थसंकल्पात ठरल्याप्रमाणे १ एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा ४४,९०० डॉलर आणि कपात २७.५ टक्के झाली आहे. त्यामुळे नव्या वर्षाचा अंदाज देताना जुने आकडे वापरू नका.

हिशेबात काय तपासावे?

१) उत्पन्न : पती-पत्नी दोघांचे धरले आहे का? पगाराच्या पावत्यांशी आकडा जुळतो का?

२) मुले : नावे व जन्मतारखा बरोबर आहेत का? वर्षात बाळ जन्मले किंवा मूल शाळा सोडून स्वतः कमावू लागले, तर ती तारीख नोंदलेली आहे का?

३) नाते : विभक्त झालात किंवा नवा जोडीदार सोबत राहू लागला, तर त्या तारखेपासून हिशेब बदलतो. एकट्या आईने हा मुद्दा विशेष काळजीने पाहावा. आधीच्या जोडीदाराचे उत्पन्न विभक्त झाल्यानंतरच्या काळालाही धरले गेले, तर तिचे नुकसान होते.

४) ताबा : मूल दोन्ही घरी राहत असेल, तर किमान एक तृतीयांश काळ सांभाळणाऱ्या पालकालाही वाटा मिळू शकतो.

भारतातील उत्पन्न विसरू नका

आपल्या माणसांची गफलत बहुधा इथेच होते. विभागाने तयार केलेल्या हिशेबात तिथल्या मालकांनी व बँकांनी कळवलेले आकडे असतात. नागपूरच्या फ्लॅटचे भाडे किंवा पुण्याच्या बँकेतील मुदत ठेवीचे व्याज त्यात आपोआप येत नाही. ते आपण सांगायचे असते, आणि असे उत्पन्न असल्यास 'आयआर ३' हे विवरणपत्र साधारणपणे ७ जुलैपर्यंत भरायचे असते. एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी तिथे तसे नाही.

नव्याने गेलेल्यांना परदेशातील बऱ्याचशा उत्पन्नावर सुमारे चार वर्षे करमाफी असते. पण तुम्ही किंवा जोडीदाराने वर्किंग फॉर फॅमिलीज घेतले, की ती माफी जाते. म्हणून अर्ज करण्याआधीच दोन्हींचा हिशेब मांडा. भारतात भरलेल्या कराची वजावट तिथे मिळू शकते, त्यासाठी पावत्या जपून ठेवा. "त्यांना कुठे कळणार?" या भरवशावर राहू नका. दोन्ही देश बँक खात्यांची माहिती एकमेकांना देतात.

चूक आढळली तर

'मायआयआर' या ऑनलाइन खात्यातून किंवा फोनवरून लगेच कळवा. परतफेड निघाली, तर पत्र कपाटात ठेवून ती टळत नाही, उलट मुदत उलटल्यावर व्याज व दंड लागू शकतो. एकरकमी भरणे शक्य नसेल तर हप्ते मागता येतात. उत्पन्न सतत कमीजास्त होत असेल, तर मदत दर आठवड्याला न घेता वर्षअखेरीस एकदम घेण्याची सोयही आहे. त्यात परतफेडीची भीती जवळजवळ उरत नाही, पण तोवर घर चालवता आले पाहिजे.

तिथल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे, की जूनमध्ये एक रविवार या कामासाठी ठेवा. ज्यांना इंग्रजी पत्र वाचणे जड जाते, त्यांच्याशेजारी बसा आणि वरचे चार मुद्दे तपासा. त्यांचा पासवर्ड मात्र मागू नका. गुंतागुंत वाटली तर 'सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्युरो' मोफत मार्गदर्शन करते. मुलांच्या दूध-वह्यांसाठी आलेला पैसा पुढच्या वर्षी कर्ज म्हणून परत जाऊ नये, एवढे तरी आपल्याला नक्की करता येईल.