लिव्हर हलवण्याआधी थांबा

बसून चालवायच्या लॉन मोअरचं इंजिन धडधडतंय, पण यंत्र जागचं हलत नाही. अशा तक्रारीवर लोक आधी गिअरबॉक्सला दोष देतात, आणि पुष्कळदा तो निर्दोष निघतो. मी आधी खालचा पट्टा पाहतो. मग मागचं चाक काढून आसाच्या खाचेतली चौकोनी चावी जागेवर आहे का, ते. ती पडून गेली की आस फिरतो, चाक फिरत नाही. हे दोन्ही ठीक असेल आणि तरीही चालता चालता गिअर खाटकन सुटत असेल, तरच गिअरची पेटी उतरवायची.

इथे अमेरिकेत जुन्या मोअरमध्ये पीअरलेस बनावटीची पेटी सर्रास आढळते. अ‍ॅल्युमिनियमची दोन कवचं बोल्टनं जोडलेली, म्हणजे उघडून दुरुस्त करता येण्याजोगी. ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. उघडण्याआधी गिअर न्यूट्रलला आणायचा आणि सेटस्क्रू, स्प्रिंग व त्याखालची गोळी काढून घ्यायची.

आतली दातेरी चाकं कायम एकमेकांत गुंतलेली असतात. एका शाफ्टवरची चाकं मात्र त्या शाफ्टभोवती मोकळी फिरतात. या शाफ्टला लांब खाचा असतात आणि त्यांत पोलादी किल्ल्या सरकतात. लिव्हर हलवला की किल्ल्यांची टोकं हव्या त्या चाकाच्या आत जाऊन अडकतात आणि तेवढं एकच चाक शाफ्टशी बांधलं जातं. आकुर्डीत बनलेल्या चेतक स्कूटरच्या गिअरबॉक्समध्ये सरकणारा क्रॉस हेच काम करत असे. क्रॉस झिजला की गिअर सुटतो, हे आपल्याकडच्या स्कूटर मिस्त्रींना तोंडपाठ होतं. इथे तेच किल्ल्यांचं होतं.

या झिजेचं कारण चालकाच्या सवयीत असतं. या पेटीत मोटारीसारखा सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवून घेणारी रचना, नाही. यंत्र चालू असताना गिअर बदलला की फिरत्या चाकाच्या कडा किल्लीच्या टोकावर आदळतात. कोपरे गोल होतात, पकड सुटते. किल्ल्या बदलताना चाकांच्या आतल्या खाचाही बोटानं चाचपून पाहाव्यात. त्या गोल झाल्या असतील तर नुसत्या नव्या किल्ल्या टिकणार नाहीत. चाकांमधल्या वॉशरच्या आतल्या कडेला एका बाजूनं उतार असतो. ती बाजू उलटी बसली तर गिअर नीट पडत नाही, म्हणून पेटी सुटी करताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा.

वंगणाबद्दल मी हट्टी आहे. या पेटीत बेंटोनाइट मातीनं घट्ट केलेलं ग्रीस लागतं. ते उष्णतेनं वितळून वाहत नाही. त्यात लिथियम ग्रीस मिसळलं तर मिश्रण पातळ पडू शकतं. जुनं ग्रीस, त्यातल्या धातूच्या किसासकट, धुऊन काढल्याशिवाय नवं भरू नये.

पेटी बसवून झाली की मालकाला माझं एकच सांगणं असतं: पेडल दाबा, यंत्र पूर्ण थांबू द्या, मगच लिव्हर हलवा. घरातलं दुसरं कुणी मोअर चालवत असेल तर त्यालाही हे करून दाखवा.