तिशीनंतर नर्स होता येते. पण नाव परिषदेच्या नोंदवहीत हवे

श्रीगोंदा तालुक्यात बाईमाणसाच्या कष्टाला तोटा नाही. लिंबाची तोडणी, कांद्याची काटणी, कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोड. चार इयत्ता शिकलेल्या काही भगिनी खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून लागतात. बीपी घेणे, सलाईन बदलणे, बाळंतिणीजवळ बसणे हे सगळे बघून बघून शिकतात. लोक त्यांना 'सिस्टर' म्हणतात. पगार मात्र मावशीचाच राहतो आणि दहा वर्षांच्या अनुभवाचा कागद कुठेच चालत नाही. लग्न झाले, मुले झाली, तिशी उलटली. आता खरी नर्स होता येईल का, असा प्रश्न अशा अनेकींच्या मनात असतो.

होता येते. मात्र स्वस्त कोर्स शोधण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पांढरा ड्रेस घातल्याने नर्स होत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत जिचे नाव आहे ती नर्स. ज्या कोर्सने ही नोंदणी मिळत नाही तो कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.

कोणता कोर्स?

एएनएम, म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसविका, हा दोन वर्षांचा कोर्स फक्त महिलांसाठी आहे. बारावी पास लागते. विज्ञान शाखाच हवी असे नाही. गावच्या उपकेंद्रातील आरोग्य सेविका हीच असते. सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बाळंतपण, घरभेटी ही तिची कामे.

जीएनएम हा तीन वर्षांचा कोर्स. बारावीला ४० टक्के गुण आणि इंग्रजी विषय हवा. हा पुरुषांनाही खुला आहे. सरकारी रुग्णालयातील अधिपरिचारिका या वाटेने होता येते. एएनएम झालेलीला पुढे जीएनएम आणि जीएनएम झालेलीला दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येते. म्हणजे पहिली पायरी लहान असली तरी जिना तिथे संपत नाही.

पूर्वी एएनएमला दहावी चालत असे. अजूनही गावोगाव तोच समज आहे आणि एजंट त्याचाच फायदा घेतात. दहावीवर शिक्षण थांबले असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थिनी म्हणून बारावी द्या. त्यात वेळ जाईल, पण तो वाया जाणार नाही.

वयाचे गणित

या दोन्ही कोर्सना प्रवेशाचे वय १७ ते ३५ आहे. लग्न झालेल्या महिलाही पात्र आहेत. आता नोकरीचे पाहा. राज्य शासनाच्या भरतीत वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे आहे. समजा, ३३ व्या वर्षी एएनएमला प्रवेश घेतला. ३५ व्या वर्षी कोर्स होईल आणि पुढे आठ वर्षे जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविका भरतीचे अर्ज भरता येतील. उशीर झाला असे म्हणण्याआधी हा हिशेब घरात मांडून दाखवा.

'घरबसल्या नर्सिंग'पासून सावध

नर्सिंग घरबसल्या किंवा फक्त रविवारी शिकता येत नाही. रुग्णालयातले प्रात्यक्षिक पूर्ण शंभर टक्के भरावे लागते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला तीन प्रश्न विचारा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची आहे का? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते? उत्तर तोंडी घेऊ नका, कागद पाहा आणि परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव स्वतः तपासा.

सहा महिन्यांचे 'नर्सिंग असिस्टंट' किंवा 'जनरल ड्युटी असिस्टंट' हे कोर्स सगळेच खोटे नसतात. रुग्णाची शुश्रूषा करणारा मदतनीस त्यातून तयार होतो आणि ते कामही मानाचे आहे. पण त्याला नर्सिंगचा कोर्स म्हणून विकणे ही फसवणूक आहे. त्या प्रमाणपत्रावर परिषदेत नोंदणी होत नाही.

पैसा आणि कागद

सर्वात कमी फी शासकीय संस्थेत असते, त्यामुळे पहिला अर्ज तिथेच करा. खाजगी संस्थेत जावे लागले तरी अनुसूचित जातीच्या विद्यार्थिनीला महाडीबीटीवरून भारत सरकार शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा हक्क जातो, हे सही करण्याआधी लक्षात ठेवा. राहण्यासाठी समाजकल्याणचे मुलींचे वसतिगृह आहे. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करा. काही नर्सिंग शाळांत त्यांच्याच वसतिगृहात राहणे सक्तीचे असते. घरी लहान मूल असेल तर हे आधी विचारून घ्या.

आपल्या घरांत अडकते ते कागदांत. अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते. १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्याही सवलती लागू झाल्या. परंतु दाखल्यासाठी धर्मांतरापूर्वीच्या जातीचा पुरावा लागतो आणि तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल शोधा. लग्न झालेल्या भगिनींनी कागद माहेरचे, वडिलांच्या बाजूचे जमवायचे, सासरचे नव्हे. दाखला प्रांत कार्यालयातून आणि वैधता जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळते. यात महिने जातात. म्हणून प्रवेशाच्या जाहिरातीची वाट न पाहता आजच सुरुवात करा. मध्ये शिक्षण सुटले असेल तर खंड प्रमाणपत्रही करून ठेवा.

'आपल्याला जमेल का?'

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे ज्या ग्राम आरोग्य सेविका घडल्या त्यांत कितीतरी दलित होत्या, अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हते. कालपर्यंत मजुरीला जाणाऱ्या या बाया सुरक्षित बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी हे शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांना गाव बाळंतपणाला बोलावू लागले.

त्यांना हात होते, विद्या होती, गावाचा विश्वास होता. परिषदेच्या नोंदवहीत मात्र त्यांची नावे नव्हती. त्याआधीच्या पिढ्यांत सुईणीचे काम आपल्या बायाबापड्यांवर जातीने लादले गेले आणि मोबदल्यात पसाभर धान्य मिळाले. तेच कौशल्य शिकून, परीक्षा देऊन, स्वतःच्या नावावर नोंदवले की त्याला पगार, बढती आणि निवृत्तीचा हक्क मागता येतो.

या महिन्यात तीन कामे करा: बारावीची गुणपत्रिका काढा, जातीच्या पुराव्याचा शोध लावा आणि श्रीगोंद्याच्या ग्रामीण रुग्णालयातील एखाद्या नर्सताईंशी बोलून रात्रपाळीसकट सगळे काम समजून घ्या. विहारातल्या शिकलेल्या मुलामुलींनी अशा ताईंचे ऑनलाइन अर्ज भरून द्यावेत. तेवढ्या मदतीवर एखादे घर उभे राहू शकते.