गावाचं नाव घ्यायचं नाही

सेटवरच्या कोका-कोलाच्या बाटल्या उचला, असा निरोप आला. नाटकातलं गाव तोवर अमेरिकेच्या दक्षिणेतून उचलून पार ईशान्येला, न्यू इंग्लंडमध्ये नेऊन ठेवलं होतं. पण कोक पडलं अटलांटाचं, दक्षिणेचं पेय. बाटली दिसली तर प्रेक्षकाला दक्षिण आठवेल, ही प्रायोजकाच्या माणसांना धास्ती.

हा किस्सा १९५६चा. टीव्हीवरचं नाटक ‘नून ऑन डूम्सडे’, लेखक रॉड सर्लिंग आणि प्रायोजक अमेरिकेतली तेव्हाची सर्वांत मोठी पोलाद कंपनी. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९५५मध्ये, मिसिसिपीत एमेट टिल या शिकागोहून आलेल्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला होता. सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं ६७ मिनिटांत आरोपींना निर्दोष सोडलं. सर्लिंगला या निकालावर लिहायचं होतं. टिलचं नाव घेऊन चालणार नाही हे जाणून त्यानं मारला गेलेला माणूस म्हातारा ज्यू केला. तरीही वर्तमानपत्रांत बातमी फुटली की ही टिलचीच गोष्ट आहे. दक्षिणेतल्या वर्णद्वेषी ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’वाल्यांच्या बहिष्काराच्या भीतीनं प्रायोजक हादरला आणि संहितेवर कात्री चालू लागली. मेलेला माणूस कुठला तरी परदेशी झाला. दक्षिणेची आठवण करून देणारी प्रत्येक खूण गेली, आणि शेवटी त्या बाटल्याही.

सर्लिंगला हे लागलं, आणि लागणारच. दुसऱ्या महायुद्धात तो छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपिन्समध्ये लढला होता, माणसं मरताना त्यानं जवळून पाहिली होती. त्यानं हट्ट सोडला नाही. १९५८मध्ये ‘अ टाउन हॅज टर्न्ड टु डस्ट’मध्ये त्यानं तोच विषय पुन्हा घेतला. या वेळी काळ एकोणिसाव्या शतकातला आणि बळी मेक्सिकन तरुण. माझ्या मते इथे कात्रीपेक्षा वाईट गोष्ट घडली. अन्याय इतका जुना आणि दूरचा झाला की तो कुणालाच टोचेना.

कात्री एकट्या सर्लिंगवरच चालत होती असं नाही. पुढच्या वर्षी न्यूरेंबर्ग खटल्यावरच्या नाटकाचा प्रायोजक गॅस कंपन्यांची संघटना होती. प्रक्षेपणात ‘गॅस चेंबर’मधला ‘गॅस’ हा शब्दच गाळला गेला. लाखो माणसं ज्यात मारली गेली त्याचं नाव घ्यायला बंदी, कारण स्वयंपाकाच्या शेगड्या विकायच्या होत्या!

वाट मात्र सर्लिंगला आधीच दिसली होती. ‘द अरीना’ हे अमेरिकी सिनेटवरचं नाटक त्यानं लिहिलं, पण त्यातल्या सिनेटरांना एकाही चालू प्रश्नावर बोलायची मुभा मिळाली नाही. ही कथा शंभर वर्षं पुढे ढकलून सिनेटमध्ये यंत्रमानव बसवले असते तर बरं झालं असतं, असं त्यानं नंतर लिहिलं.

२ ऑक्टोबर १९५९ला सीबीएसवर सर्लिंगची ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली. त्याच्या काही दिवस आधी पत्रकार माइक वॉलेस यांनी मुलाखतीत त्याला छेडलं: म्हणजे आता महत्त्वाचं काही लिहिणं सोडलंत? चालू सामाजिक प्रश्नांना हात घालणार नाही, असं सर्लिंगनं सरळ कबूल केलं. मला तो धोरणी माणसाचा जबाब वाटतो, कारण पाच महिन्यांतच, ४ मार्च १९६०ला, ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ हा भाग झळकला. एका आळीतली वीज जाते, एकाचीच गाडी आपोआप सुरू होते आणि शेजारी शेजाऱ्यावर संशय घेऊ लागतात. रात्र संपायच्या आत ते एकमेकांच्या जिवावर उठतात. सिनेटर मॅकार्थीच्या काळात घराघरांत कम्युनिस्ट शोधणाऱ्या देशाला हे कुणाविषयी आहे ते वेगळं सांगायची गरज नव्हती. टेकडीवरून हे पाहणारे परग्रहवासी मात्र काटकसरीत उभे केले होते. चित्रीकरण एमजीएममध्ये चाललं होतं आणि त्यांच्या अंगावर त्याच स्टुडिओच्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ चित्रपटातले जुने गणवेश होते.

प्रायोजकाचं लक्ष तेव्हा कुठे होतं? ‘जजमेंट नाइट’ या भागात ब्रिटिश जहाजावर चहा मागवला जातो. प्रायोजक कॉफी विकणारा, म्हणून चहाचं नाव बदलून नुसता ‘ट्रे’ मागवायला लावला. चहा अडला, पण मेपल स्ट्रीट सुखरूप पार पडली.

२७ मार्च १९६४. केनेडींच्या हत्येला चार महिने झाले होते. ‘आय अ‍ॅम द नाइट, कलर मी ब्लॅक’ या भागात एका माणसाच्या फाशीच्या सकाळी गावावर सूर्यच उगवत नाही. फाशी होते आणि काळोख आणखी दाटतो. शेवटी रेडिओवर बातमी येते की असाच काळोख आणखी कुठे कुठे पसरला आहे. उत्तर व्हिएतनाम. बर्लिनच्या भिंतीचा एक भाग. डॅलसमधला एक रस्ता. आणि बर्मिंगहॅम, जिथे सहाच महिन्यांपूर्वी चर्चमधल्या स्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या होत्या. दक्षिणेतलं एक शहर, अलाबामा या राज्याच्या नावासकट.