दिव्याचे फाटक

दिव्याच्या फाटकाविषयी बोलणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. लोकलच्या दारात लटकणारा डोंबिवलीकर म्हणतो, ‘बंद करा एकदाचं.’ फाटकापलीकडे राहणारा म्हणतो, ‘मग आम्ही जायचं कुठून?’ दोघांचेही खरे आहे, म्हणून तर हा प्रश्न इतकी वर्षे रुळांवर पडून आहे.

गावाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ला धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्तीजवळून रूळ गेले. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला. पुढे पनवेलचा फाटा फुटला, वसईचा फुटला आणि दिवा जंक्शन झाले. कोकणातल्या माणसाला दिवा म्हटले की सावंतवाडीची पॅसेंजर आठवते. मुंबईत घर परवडेना, तसे कोकणातलेच कितीतरी चाकरमानी इथल्या चाळींत आणि इमारतींत येऊन राहिले. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली. रूळ वाढले, माणसे वाढली, पूर्व-पश्चिम जोडणारा रस्ता मात्र तोच राहिला.

फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर एक निवृत्त गेटमन भेटले. आयुष्य वेगवेगळ्या फाटकांवर गेलेले, आणि सांगायची हौस मोठी. फाटक म्हणजे दांडा खाली-वर करणे, असे समजून बसलेल्या मला त्यांनी ते काम पहिल्यापासून समजावले. स्टेशन मास्तरचा फोन येतो. गाडीची खबर मिळते आणि दोघांत एक आकडा सांगितला जातो. त्याला रेल्वेत ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात आणि तो वहीत वेळेसह लिहावा लागतो. मग दांडे खाली घ्यायचे, ते कुलूपबंद करायचे. कुलूप पक्के बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही, अशी रचना आहे. ‘फाटक उघडं असेल तर गाडीला लाल. हे बाहेरच्यांना माहीतच नसतं हो,’ ते म्हणाले. ‘एक रिक्षावाला घाईत मध्ये घुसतो, दांडा त्याच्या टपावर अडतो. मला कुलूप लावता येत नाही, आणि तिकडे भरलेली लोकल उभी.’

बोलता बोलता त्यांचा उजवा हात हँडल फिरवल्यासारखा गोल फिरत होता. लाल आणि हिरवा झेंडा कसा धरायचा, रात्री बत्ती कशी दाखवायची, रुळावर वाहन बंद पडले तर गाडी थांबवायला फटाके घेऊन कसे धावायचे, हे सगळे त्यांनी उभे राहून करून दाखवले. शिव्या किती खाल्ल्या, असे विचारले तेव्हा म्हणाले, ‘दोन्हीकडच्या. रस्त्यावरच्याही आणि गाडीतल्याही.’ या माणसाच्या हातून हजारो माणसे सुखरूप पार झाली. त्यांच्या कामाची इतकी बारीक माहिती मला तोवर कुणी दिली नव्हती.

लोकलला उशीर का होतो याचे उत्तर त्यांच्या सांगण्यातच आहे. एक गाडी थांबली की मागच्या खोळंबतात. दिव्यातला संताप काय करू शकतो हे २ जानेवारी २०१५ ला सगळ्यांनी पाहिले. बिघाड ठाकुर्लीजवळ झाला होता, पण दिव्यात लोक रुळांवर उतरले, दगडफेक आणि जाळपोळ झाली. म्हणून फाटक कायमचे बंद व्हायलाच हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रश्न आहे तो बदल्यात काय मिळणार याचा. फाटकाऐवजी बांधायच्या उड्डाणपुलाच्या कामाची वाटणी ठरलेली असते. रुळांवरचा भाग रेल्वेने बांधायचा, दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेने. रुळांवर रेल्वेची सत्ता चालते. पोहोचरस्त्याच्या वाटेत मात्र लोकांची घरे येतात आणि घराच्या बदल्यात घर कुठे, कधी, हे ठरता ठरता वर्षे जातात. पुलाच्या खांबाकडे बोट दाखवून चिडणाऱ्यांनी त्या घरात राहणाऱ्यांचीही बाजू ऐकावी. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेली खोली केवळ तोंडी शब्दावर कोण सोडील?

आणखी एक गोष्ट मला जास्त खुपते. फाटकाच्या जागी पूल द्यायचा की नाही हे ठरवताना रेल्वे एक गुणाकार करते. दिवसभरात जाणाऱ्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहने. तो १ लाखाच्या वर गेला की निम्म्या-निम्म्या खर्चाने पुलाचा विचार होतो. या हिशेबात मोटार धरतात, बैलगाडी धरतात, रिक्षाही धरतात. पायी चालणारा माणूस धरत नाहीत. आणि दिव्याचे फाटक ओलांडणारी माणसे बहुतेक पायीच असतात. पाठीवर दप्तर घेतलेली मुले, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, गुडघे दुखणारे म्हातारे. वाहनांचा पूल लांबून चढ घेत येतो. तेवढा वळसा घालून कोण जाईल? लोक रूळच ओलांडतील, तेही गेटमनशिवाय.

रस्त्याच्या कडेला सुकट-बोंबलाची पाटी मांडून बसलेल्या आजींनी हेच दोन वाक्यांत सांगितले. ‘गारीवाले वरशी जातील. आमचे पाटीवर कोन येल?’ फाटक पडले की माणूस थांबतो, थांबला की वाटा घेतो, हा त्यांचा जुना हिशेब. त्यांना बसायला जागा पुलाच्या नकाशातच हवी. नंतर फेरीवाले म्हणून हुसकावण्याची वेळ कुणावर येऊ नये.

म्हणून पूल वाहनांसाठी खुला झाला, एवढ्यावर फाटकाला टाळे लावू नये. आधी त्याच जागी, फाटकाच्या तोंडाशीच, रुंद पादचारी पूल किंवा पावसाळ्यात पाणी न तुंबणारा भुयारी मार्ग द्यावा. जिन्यासोबत उतार आणि लिफ्ट द्यावी. आणि ती लिफ्ट रात्रीच्या शेवटच्या लोकलने उतरणाऱ्यालाही चालू मिळाली पाहिजे.