मोटारसायकलचा लांबचा प्रवास : शरीराचे काही हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

मोटारसायकलवरून लांबचा प्रवास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लेह-लडाखच्या रस्त्याने जाणारी बुलेटची रांग, काळी जाकिटे आणि मागे बर्फाचे डोंगर असे चित्र उभे राहते. ते चित्र खोटे नाही. परंतु लांब जाणारे सगळेच काही हौशी नसतात. आमच्या केज, धारूर, वडवणीकडच्या गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसे पार कोल्हापूर-बेळगावपर्यंत पांगलेली असतात. म्हातारी माणसे आणि शिकणारी मुले गावाकडे राहतात. घरात कोणी आजारी पडले, कुठे सही लागली, सोयरीक जमली की एखादा पोरगा शंभर सीसीची गाडी काढतो आणि कारखान्याचा तळ गाठतो. मी त्यांपैकीच एक. माझे आईवडील ज्या तळावर असतात तो मिरजेच्या पलीकडे आहे. केज, कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज असा हा रस्ता. एका बाजूचे साधारण तीनशे किलोमीटर भरतात. एस.टी.ने का जात नाही, असे वर्गातले मित्र विचारतात. तीन ठिकाणी गाडी बदलावी लागते आणि शेवटचे आठ-दहा किलोमीटर उसाच्या गाडीरस्त्याने चालावे लागते, हे त्याचे उत्तर.

आराम हा शब्द आमच्या घरात चैनीच्या खात्यात जमा आहे. मोटारसायकलवर मात्र तो चैनीत धरता येत नाही. ज्याची कंबर ठणकते आहे त्याचे लक्ष कंबरेकडे असते, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांकडे नसते. आणि दुखणे एकदा सुरू झाले की ते प्रवासात उतरत नाही, फक्त वाढते. म्हणून जे काही करायचे ते दुखण्याच्या आधी केले पाहिजे. पुढे लिहिले आहे ते सारे या एका गोष्टीभोवती फिरते.

प्रथम बैठकीविषयी. आपण बसतो तेव्हा धडाचे बहुतेक वजन कुल्ल्यांतल्या दोन हाडांच्या टोकांवर येते. त्या टोकांखालचे मांस दाबले गेले की तिथला रक्तपुरवठा मंदावतो, उष्णता आणि घाम साठतो, आणि तासाभराने माणूस चुळबुळ करू लागतो. लोकांना वाटते सीट जितकी मऊ तितकी बरी. दुकानात बसून पाहताना ते खरेही वाटते. परंतु फार मऊ फोम अर्ध्या तासात दबून तळाला लागतो आणि मग आपण जणू पत्र्यावरच बसतो. फोम जरा घट्ट, रुंद आणि सपाट असावा. वजन जितक्या जास्त जागेवर पसरेल तितके चांगले. तालुक्याच्या गावी सीटकव्हर शिवणारे कारागीर जुना फोम काढून घट्ट फोम बसवून देतात. ज्याला तोही खर्च नको त्याने वाकळेची चौपदरी घडी करून ती जुन्या ट्यूबच्या पट्टीने सीटवर आवळावी. मी तेच करतो. घडी सरकता कामा नये, आणि वाकळेचा जाड दोरा किंवा पँटची जाड शिवण बरोबर हाडाखाली येता कामा नये. पन्नास किलोमीटरनंतर एक सुतळीसुद्धा दोरखंडासारखी टोचते. म्हणूनच जीन्सपेक्षा सैल सुती पँट बरी.

शरीराचे वजन तीन ठिकाणी वाटलेले असते : बैठक, पाय आणि हात. यांपैकी हातांवर जवळजवळ काहीच येऊ नये. नवशिका माणूस हँडल असे आवळतो की जणू ते पळून जाणार आहे. अशाने खांदे कानांपर्यंत चढतात आणि सांगोल्यापर्यंत मान धरते. कोपर किंचित वाकलेले, मूठ सैल, पोट आणि मांड्यांनी टाकीला हलका आधार, अशी बसण्याची रीत असावी. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होऊ लागले तर तळव्याच्या कडेने जाणारी शीर दबते आहे असे समजावे. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या पान्याने थोड्या खाली-वर फिरवता येतात. हात आणि मनगट एका सरळ रेषेत येतील अशा बेताने त्या बसवाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे. परंतु बहुतेक जण गाडी शोरूममधून आली तशीच आयुष्यभर चालवतात.

बधिरपणाचे दुसरे कारण थरथर. एका सिलिंडरचे इंजिन थरथरणारच, पण ते सर्व वेगांना सारखे थरथरत नाही. प्रत्येक गाडीचा एक वेग असा असतो की तिथे हँडलला मुंग्या येतात. माझी गाडी पासष्टच्या पुढे हे करते, पन्नास-पंचावन्नला शांत असते. मी तिचे ऐकतो. वाऱ्याचाही हिशेब तोच सांगतो. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे ताशी ५० वरून ८० वर गेलो तर छातीवरचा रेटा अडीचपट होतो आणि तो दिवसभर पाठीच्या आणि मानेच्या स्नायूंनी पेलायचा असतो. नागज फाट्याच्या आसपास, पवनचक्क्या दिसू लागतात त्या टापूत, वारा आडवा लागतो. तिथे तर वेग आणखी उतरवावा आणि हात अधिकच सैल सोडावेत.

थंडी आणि ऊन यांबाबत आपल्याकडे गैरसमज फार. ऊसतोडीचा हंगाम थंडीचा असतो. हवा १० अंश असली तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगात उघड्या कातडीला ती ५ अंशांइतकी जाणवते. महागडे जाकीट नसेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर घालावेत. पहाटे दूध घालणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर चालते, कारण कागद वारा अडवतो आणि पदरांत हवा कोंडून धरतो. (संपादकीय पान छातीला लावावे की क्रीडापान, हा ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न आहे.) उन्हाळ्यात याच्या उलट घडते. लोक बटणे उघडून वारा घेतात. परंतु आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा ४२ अंश असेल तर तो वारा अंगाला थंड करत नाही, भट्टीसारखा तापवतो. शिवाय घाम लगेच उडून जात असल्याने किती पाणी गेले ते कळतच नाही. म्हणून पूर्ण बाहीचा सुती शर्ट, गळ्याभोवती ओला पंचा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक थांब्यावर थोडे थोडे पाणी. हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल बांधला तर कपाळावर वळ उठत नाही. परंतु रुमालासाठी सैल हेल्मेट घेऊ नये. हेल्मेट घट्टच हवे.

थांबण्याबद्दल आता. अमेरिकेत १९८४ पासून ‘आयर्न बट असोसिएशन’ नावाची एक संस्था आहे. (नावाचा शब्दशः अर्थ या अंकात छापण्याजोगा नाही, ‘पोलादी बैठक मंडळ’ म्हणू या.) २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटर जाणाऱ्यांना ती प्रमाणपत्र देते. असे लोक बेफाम गाडी हाणत असतील असे वाटते. त्यांचा स्वतःचाच उपदेश मात्र वेगळा आहे : आपली मर्यादा ओळखा, थांबे आधी ठरवा, झोप येऊ लागली की थांबून झोपा. माझे प्रमाण पन्नास-साठ किलोमीटरला दहा मिनिटे. येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, नागज फाटा. थांबल्यावर गाडीवरच बसून चहा पिणे याला थांबणे म्हणत नाहीत. उतरावे, पन्नास पावले चालावे, एकदा उकिडवे बसून उठावे. पंढरपुरात पोटभर जेवण्याचा मोह होतो; जेवून लगेच निघाले की दुपारी एक ते तीनच्या दरम्यान डोळे मिटू लागतात. तिथे अर्धी भाकरी खावी आणि उरलेली पुढे.

आतापर्यंतचे सारे एकट्याचे झाले. खरा प्रश्न डबलसीटचा. परतताना पुष्कळदा मागे आई असते. वर्षानुवर्षे डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहून तिची कंबर आधीच गेलेली आहे. इंग्रजीच्या सरांनी मला रॉबर्ट पिर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ हे १९७४ सालचे पुस्तक वाचायला दिले. पिर्सिग १९६८ साली आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, त्या प्रवासावर ते आधारलेले आहे. त्यातले तत्त्वज्ञान मला निम्मेच कळले. पण एक गोष्ट पक्की लक्षात राहिली. तो मुलगा जवळजवळ सारा प्रवास बापाची पाठ पाहत बसलेला असतो, आणि अगदी शेवटी पायटांवर उभा राहतो तेव्हा त्याला पुढचा रस्ता दिसतो. मागे बसणाऱ्याचे दुःख यातच आहे. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, त्याचे अंग आपोआप तयार होते. मागच्याला तो फक्त मणक्यात कळतो. म्हणून मी मोठ्याने सांगतो : “आई, खड्डा.” “आई, गतिरोधक.” लोक हसतात, हसू देत.

आपल्याकडच्या बायका एका अंगाने बसतात. त्या बसण्यात धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे अशी कंबर पिळलेली राहते, पायही लोंबकळत असतात. पाच किलोमीटरला ते चालते, तीनशेला नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला पायट आणि चाकात साडी जाऊ नये म्हणून जाळी सक्तीची केली आहे. पुष्कळ पोरे शोभा जाते म्हणून जाळी काढून टाकतात. त्यांच्या मागे त्यांची आई बसत नसावी. आईला दोन्हीकडे पाय टाकून बस म्हणायला मला दोन हंगाम लागले. वडील म्हणाले, लोक काय म्हणतील. मग तिनेच तोड काढली : ती नऊवारी नेसते, आणि नऊवारीचा काष्टा याच बसण्यासाठी केल्यासारखा आहे. हेल्मेट तिलाही घालायला लावले, कायद्याने ते दोघांनाही लागतेच.

डबलसीट निघताना मागच्या टायरमध्ये हवा वाढवावी लागते. किती ते गाडीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेले असते. मागच्या शॉकॲब्सॉर्बरला खाचा असतात, माझ्या गाडीला पाच. दोघे असलो की त्या दोन खाचा कडक करायच्या. मऊ ठेवले तर प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग तळाला आदळते आणि तो दणका थेट आईच्या कंबरेत बसतो. सामान पाठीवर किंवा तिच्या मांडीवर न देता दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्यांत बांधावे. तिचे हात मोकळे हवेत.

थांबे मी माझ्या कंबरेवरून ठरवायचो. आता तिच्यावरून ठरवतो, म्हणजे साठऐवजी तीस किलोमीटरला. ती स्वतःहून कधी थांब म्हणत नाही. दुखते का विचारले तर म्हणते, “टॅक्टरपरीस लई बरंय.” हंगामाला जाताना संसार, शेळ्या, लेकरे यांसह रात्रभर ट्रॉलीत उभ्या-आडव्या बसलेल्या माणसाकडून दुसरे काय उत्तर येणार? म्हणून विचारणे मी सोडून दिले आहे. आरशात पाहतो. तिने एक हात मुठीवरून काढून कंबरेवर ठेवला की पुढचे पहिले झाड पाहून गाडी बाजूला घेतो आणि चेन तपासतो.