कुंडलिकेच्या पाण्यावर गावाची देखरेख

रोहे तालुक्यातील अष्टमी ही वस्ती कुंडलिका नदीच्या उत्तर तीरावर, रोह्याच्या अगदी समोर आहे. भिऱ्याच्या वीजगृहातून १९२७ पासून मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री ओलांडून या नदीत उतरते. त्यामुळे कोकणातील बहुतेक नद्या आटू लागतात, त्या दिवसांतही कुंडलिका वाहती राहते. डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून तिचे पाणी कालव्यांनी शेतीला मिळते. धाटावच्या औद्योगिक क्षेत्रालाही हीच नदी पाणी पुरविते. पुढे अष्टमीखाली तिची खाडी होते व रेवदंड्याजवळ ती समुद्रास मिळते. पिण्याचे पाणी, भातशेती, गुरे, मासेमारी आणि कारखाने असा पाच वाटेकऱ्यांचा भार एकाच नदीवर आहे. अशा नदीच्या पाण्याची प्रकृती कशी आहे, हे काठावरच्या माणसाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते व त्यांत कुंडलिकेचाही समावेश होता. १९७० मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या नदीचे नमुने ठरावीक ठिकाणी घेऊन तपासते. ही तपासणी शास्त्रशुद्ध असते, परंतु तिला एक मर्यादा आहे. महिन्यातून एकदा घेतलेला नमुना त्या दिवसाची, त्या घटकेची हकीकत सांगतो. उरलेल्या एकोणतीस दिवसांत नदीत काय वाहून गेले, ते त्यास कळत नाही. ती उणीव काठावर राहणारा शेतकरी, कोळी, गुराखी किंवा धुणे धुणारी भगिनीच भरून काढू शकते.

इतर देशांत काय केले जाते

थंड मुलखातील ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल व निलगिरी येथील गार ओढ्यांत आढळतो, कोकणात नाही. या माशाला थंड व भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते, म्हणून पाणी बिघडले की तो आधी नाहीसा होतो. अमेरिकेत आयझॅक वॉल्टन लीग या संस्थेने १९६९ साली ओढ्यांच्या रक्षणासाठी स्वयंसेवकांचे कार्य सुरू केले. इंग्लंडात गळाने मासे धरणारे हौशी लोक ठरलेल्या जागी दर महिन्यास तळाचे किडे जाळीत घेतात, त्यांच्या आठ गटांची मोजदाद करतात व नोंद ठेवतात. गुणांची बेरीज त्या जागेसाठी ठरविलेल्या मर्यादेखाली गेली की सरकारी खात्यास तत्काळ कळविले जाते. हे लोक कोणी शास्त्रज्ञ नव्हेत. एकच जागा, एकच रीत आणि न चुकता ठेवलेली नोंद, हेच त्यांचे बळ होय.

आपल्याकडेही याची सुरुवात झालेली आहे. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यावर प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाद्वारे पिण्याचे पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आखण्यात आली. ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक विहिरी व नळांचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवितात. हीच सवय विहिरीपासून नदीपर्यंत नेली, म्हणजे काम झाले.

जागा व वेळ कशी निवडावी

प्रत्येक गावाने दोन जागा निश्चित कराव्यात : एक गावाच्या वरच्या अंगास, दुसरी खालच्या अंगास. मध्ये नाला, गटार किंवा ओहोळ मिळत असेल, तर त्याच्या संगमाच्या वर व खाली अशा जागा घ्याव्यात. वरचे पाणी चांगले व खालचे वाईट असेल, तर दोष मधल्या पट्ट्यात आहे हे आपोआप उघड होते. दोन्ही ठिकाणी वाईट असेल, तर त्याचे मूळ वर शोधावे.

कुंडलिकेवर वेळेचे महत्त्व विशेष आहे. कोलाडकडील भागात वीजगृहातून पाणी सुटले की पातळी चढते व पाणी पातळ होते, सुटणे थांबले की उतरते. अष्टमीच्या खाली भरतीबरोबर खारे पाणी वर येते. सबब भरतीच्या वेळचा नमुना ओहोटीच्या नमुन्याशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. खाडीपट्ट्यात नमुना नेहमी ओहोटी संपत आली असता घ्यावा आणि तिथी लिहून ठेवावी, म्हणजे उधाण होते की भांग हे पुढे कळते. वरच्या भागात घड्याळाची एकच वेळ धरावी व पाणी सुटलेले होते किंवा नाही ते नमूद करावे. पाण्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो, हेही ध्यानात ठेवावे. मासे बहुधा भल्या पहाटे मेलेले आढळतात, त्याचे हे एक कारण होय.

काय पाहावे

प्रथम डोळ्यांनी व नाकाने पाहावे. रंग, फेस, तेलाचा तवंग, वास आणि माशांची हालचाल लिहावी. मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असतील, तर प्राणवायू कमी पडला आहे असे समजावे. पाण्याची निर्मळता मोजण्यास वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगविलेली लोखंडी थाळी पुरते. ती दोरीने कोंडात सोडावी व दिसेनाशी होते ती खोली मोजावी.

त्यानंतर साधी मापे घ्यावीत. तापमापकाने पाण्याचे तापमान पाहावे. वीस अंशांवर एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांवर साडेसातच. सामू कागदी पट्टीने पाहता येतो. विरघळलेल्या प्राणवायूसाठी लहान संच मिळतात. माशांच्या वाढीस लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम आणि स्नानयोग्य पाण्यास किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, अशी केंद्रीय मंडळाची वर्गवारी आहे. ओलिताच्या पाण्याचा सामू ६ ते ८.५ या दरम्यान व विद्युतवाहकता २२५० मायक्रोसीमेन्सपर्यंत असावी. खाडीलगतच्या भातशेतकऱ्यांनी वाहकतेचे खिशातील मापक एकत्रितपणे विकत घेणे हितावह ठरेल. खारे पाणी चढले आहे की काय, हे शेतात पाणी घेण्यापूर्वीच त्यावरून समजते.

तळाचे किडे

दगड उलटून त्याखालचे जीव पाहणे ही बिनखर्चाची परीक्षा होय. ही परीक्षा गोड्या, वाहत्या पाण्यातच घ्यावी, खाडीत तिचा उपयोग नाही. शेपटाशी तीन बारीक केस व पोटाच्या बाजूंस हलणारे कल्ले असलेली अळी, किंवा वाळूच्या कणांची नळी बांधून तीत राहणारी अळी भरपूर दिसल्यास पाणी चांगले आहे. असे जीव दिसत नाहीत आणि गाळात केवळ तांबड्या किड्यांची वळवळ आहे, तर सेंद्रिय घाण वाढली आहे असे समजावे. मापक त्या घटकेचे सांगते, परंतु किडा तेथे आठवडेच्या आठवडे राहिलेला असतो. रात्री सोडलेले घाण पाणी सकाळी निघून गेले, तरी त्याची खूण किड्यांच्या नाहीसे होण्यात उरते. पाहून झाल्यावर दगड होता तसा ठेवावा.

पिण्याच्या पाण्याची वेगळी काळजी

नदीकाठच्या विहिरीचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून शुद्ध असतेच असे नाही. त्याकरिता काळ्या रंगाची बाटली-परीक्षा उपयोगी आहे. १९८२ साली आपल्याच देशातील संशोधकांनी ती प्रसिद्ध केली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास घरातल्या उबेत ठेवावे. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेचा संसर्ग असावा असे धरून, टीसीएल घालून शुद्ध केल्याविना ते पिऊ नये. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. मात्र गावातील संचाची परीक्षा ही प्राथमिक सूचना होय. रसायने किंवा जड धातू यांचा संशय असल्यास नमुना प्रयोगशाळेकडेच पाठवावा.

नोंदवही व तक्रार

या सर्व खटाटोपाचे फळ नोंदवहीत आहे. दिनांक, वेळ, तिथी, जागा, हवामान, पाहणी, मापे व दोन पाहणाऱ्यांच्या सह्या एवढे रकाने पुरेत. पाणी चांगले असेल त्या दिवशीही लिहावे. केवळ वाईट दिवसांची नोंद ठेवल्यास बिघाड केव्हा झाला ते सिद्ध होत नाही व वहीवरील विश्वासही उडतो. जे पाहिले नाही ते लिहू नये. 'अमक्याने पाणी सोडले' असे न लिहिता 'अमुक नाल्यातून पिवळे पाणी आले' असे लिहावे.

न्यायालयात पुरावा म्हणून चालणारा सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच विहित रीतीने घ्यावा लागतो. गावाचा नमुना त्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु अधिकाऱ्याने कोणत्या नाल्यावर, कोणत्या वेळी यावे हे गावाची वही सांगू शकते. 'नदी नेहमीच घाण असते' या तक्रारीवर काय करावे हे कोणासही कळत नाही. 'गेल्या तीन महिन्यांत सात वेळा, ओहोटीस, पहाटे, या संगमाखाली फेस व मेलेले मासे दिसले' या तक्रारीस मात्र उत्तर द्यावेच लागते. मासे मेल्याचे दिसताच स्वच्छ बाटलीत वरच्या व खालच्या जागेचे पाणी भरून घ्यावे, भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढावीत, ग्रामपंचायतीस व मंडळास त्याच दिवशी कळवावे. मेलेले मासे खाऊ अथवा विकू नयेत. अशा पाण्यात उघड्या हातापायांनी उतरू नये व गुरांस ते पाजू नये.

आपल्या घरची झाडझूड

वही प्रामाणिक असेल, तर तीत आपलेही दोष उतरतील. फवारणीचे पंप नदीत धुणे, औषधांचे रिकामे डबे ओहोळात टाकणे, कोंडात विष टाकून मासे मारणे आणि संडासाचे पाणी नाल्यात सोडणे यांचा परिणाम वरच्या व खालच्या जागांच्या आकड्यांत स्पष्ट दिसतो. गावाने आपला नाला आधी सुधारला, म्हणजे इतरांकडे बोट दाखविण्याचा त्यास अधिकार पोहोचतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याची सुरुवात शाळेतील वरच्या वर्गांतील मुले, महिला बचत गट व मच्छीमार बांधव यांच्यापासून करावी. मुले पाण्याजवळ असताना सोबत मोठे माणूस असलेच पाहिजे. भिऱ्याचे पाणी अचानक चढते व पावसाळ्यात पूर येतो, तेव्हा पाहणी काठावरूनच करावी. पंधरवड्यातून एकदा, अर्धा तास, दोन माणसे : यापेक्षा अधिक वेळ लागत नाही. दर तीन महिन्यांनी वही ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत वाचून दाखवावी. एक वर्ष नोंद झाली की उन्हाळा, पावसाळा व हिवाळा यांतील पाण्याची नेहमीची स्थिती गावास कळेल, आणि ती कळल्यावर बिघाड लपून राहणार नाही. शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या ओहोटीसच पहिले पान लिहावे.