वेल्डिंगचा प्रकाश आणि घरातील ज्येष्ठांचे डोळे

मृगाच्या आधीचे दिवस वाशिम जिल्ह्यात अवजारांच्या दुरुस्तीचे असतात. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्याच्या गावी वर्कशॉपसमोर वखर, पेरणी यंत्रे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असतात व पत्र्याच्या शेडमधून निळसर पांढरा प्रकाश लखलखत असतो. सोयाबीनच्या पेरणीपूर्वी अवजार हाती यावे म्हणून शेतकरी तेथेच ठाण मांडून बसतो. सोबत पुष्कळदा घरातील वडीलधारे असतात, एखादे नातवंडही असते. हल्ली तर वेल्डिंगचे यंत्रच दारी येते. फाटक किंवा गच्चीचा कठडा अंगणात जोडला जातो आणि आजोबा ओट्यावर बसून कामावर देखरेख करतात.

ज्येष्ठांच्या मनात या प्रकाशाचे भय फारसे नसते, आणि त्याला कारण आहे. त्यांचे बालपण लोहाराच्या भात्यापाशी गेलेले असते. तासन् तास तापलेले लोखंड पाहिले तरी रात्री डोळे दुखले नव्हते. परंतु भट्टीच्या लाल निखाऱ्यात उष्णता असली तरी अतिनील किरण जवळजवळ नसतात. विजेच्या वेल्डिंगमध्ये रॉड आणि लोखंड यांच्यामध्ये जी ज्योत पेटते, तिचे तापमान पाच हजार अंश सेल्सिअसहून अधिक असते आणि तिच्यातून अतिनील किरणांचा मारा होतो. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्या क्षणी टोचतही नाहीत. पांढऱ्या भिंतीवरून किंवा पत्र्यावरून परावर्तित होऊनही ते डोळ्यांत शिरतात. म्हणूनच ‘मी तिकडे पाहिलेच नाही, नुसता बसलो होतो’ असे सांगणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो.

बुबुळावरील पारदर्शक पटलाला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. अतिनील किरण प्रथम तेथेच शोषले जातात आणि त्याच्या वरच्या थरातील पेशी हळूहळू मरून गळू लागतात. खालचे अतिशय दाट मज्जातंतू उघडे पडतात, तेव्हा वेदना सुरू होते. यास साधारणपणे सहा ते बारा तास लागतात. दुपारी काम पाहिलेला माणूस जेवूनखावून झोपतो आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखा उठतो. पाण्याच्या धारा लागतात, दिव्याकडे पाहवत नाही. हिमप्रदेशातील हिमांधत्व म्हणतात ते हेच. स्मरण मंदावलेल्या वृद्धांना तर दुपारच्या उजेडाशी या वेदनेचा संबंध लावता येत नाही. तो शुश्रूषा करणाऱ्याने लावावा.

दुखणे बहुधा २४ ते ४८ तासांत आपोआप बरे होते. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडावे, मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ, थंड पाण्याची घडी ठेवावी, डोळे मुळीच चोळू नयेत. दूध, मध, तूप, बटाट्याचा रस यांतले काहीही डोळ्यांत घालू नये, कारण सोललेल्या कॉर्नियावर जंतूंना वाट मिळते. सकाळी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

अधिक सावध राहायचे ते बाटल्यांविषयी. काही कारागीर बधिरता आणणारे थेंब जवळ बाळगतात. एक थेंब पडताच आराम वाटतो खरा, पण त्याने जखम भरणे थांबते आणि वारंवार वापर केल्यास कॉर्निया कायमचा खराब होऊ शकतो. ज्येष्ठांच्या घरी आणखी एक बाटली असते, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली. त्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. डॉक्टरांना न विचारता ते घातल्यास संसर्ग बळावू शकतो आणि डोळ्यांतील दाबही वाढू शकतो.

मोतीबिंदूचा विषय निघालाच आहे, तर एक खुलासा. आता बसवली जाणारी बहुतेक भिंगे अतिनील किरण अडवतात, पण ती कॉर्नियाच्या मागे असतात, त्यामुळे कॉर्नियाचे रक्षण करीत नाहीत. फार वर्षांपूर्वी भिंग न बसवता शस्त्रक्रिया होऊन जाड काचांचा चष्मा लागलेल्या व्यक्तींचे तर आतील दृष्टिपटलही उघडे असते. त्यांनी वेल्डिंगच्या आसपास थांबूच नये.

या दुखण्यात सहसा दोन्ही डोळे सारखेच त्रस्त होतात. एकच डोळा लाल होऊन दुखत असेल, तर विचार बदलावा. जवळ ग्राइंडर किंवा हातोडा चालू असल्यास लोखंडाचा कण शिरला असण्याची शक्यता असते. डोळ्यासोबत कपाळ ठणकत असेल, उलट्या होत असतील, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री वाशिमचे जिल्हा रुग्णालय किंवा जवळचे नेत्ररुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

बाजारातला काळा चष्मा येथे कामाचा नाही. ज्योतीकडे पाहण्यासाठी साधारण १० किंवा त्याहून अधिक क्रमांकाची वेल्डिंगची काच लागते आणि ती कारागिराच्या हाती असते, पाहणाऱ्याच्या नव्हे. अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथाईवर येतो, हा हिशेब मात्र सर्वांच्या हाती आहे. अंगणात काम निघालेच, तर मध्ये जाड ताडपत्री बांधून घ्यावी आणि आजोबांची खाट घराच्या मागच्या बाजूस न्यावी. कामाची पाहणी यंत्र बंद झाल्यावर, लोखंड निवल्यावर करता येते.